म्हातारीला नाव होतं

हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात विल्हेल्म लाइब्ल या जर्मन चित्रकाराचं एक चित्र आहे. महोगनीच्या फळीवर तैलरंग, 113 बाय 77 सेंटिमीटर. बव्हेरियातल्या बेर्ब्लिंग नावाच्या खेड्यातलं चर्च, बाकावर वेगवेगळ्या वयांच्या तीन बायका, त्यांतली एक तरुण. 1878 मध्ये हाती घेतलेलं हे काम पुरं व्हायला साडेतीनेक वर्षं गेली. चित्राचं नाव ‘चर्चमधल्या तीन स्त्रिया’. त्याच सुमारास लाइब्लनं एका उमराव घराण्यातल्या बाईचंही व्यक्तिचित्र केलं. त्याचं नाव ‘काउंटेस रोझिने ट्रॉयबेर्ग’. हात तोच, रंगपेटी तीच, काळही तोच. एकीला किताबासकट नाव आणि तिघींना मिळून एक आकडा.

आणखी दहा वर्षं मागे गेलं तरी तेच. 1869 मध्ये लाइब्लनं म्युनिकच्या एका शिल्पकाराच्या बायकोचं चित्र केलं. ते ‘फ्राउ गेडोन’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि पॅरिसच्या सलों या कलाप्रदर्शनात 1870 मध्ये त्याला सुवर्णपदक मिळालं. त्याच हिवाळ्यात पॅरिसमध्ये एक गरीब म्हातारी त्याच्यासमोर बसली. तिचं चित्र आज कोलोनच्या वालराफ-रिखार्ट्झ संग्रहालयात आहे, ‘पॅरिसची म्हातारी’ या नावानं. गेडोनबाईंना निदान नवऱ्याचं आडनाव तरी मिळालं.

एकोणिसाव्या शतकातल्या वास्तववादी चित्रांचं कुठलंही दालन पाहा. सरदार, वकील, डॉक्टर, व्यापारी यांच्या चित्रांखाली नावं असतात. खेड्यातल्या माणसांच्या चित्रांखाली ‘वृद्ध शेतकरी स्त्री’, ‘म्हातारीचं डोकं’, ‘अभ्यासचित्र’ असं काहीबाही असतं. आमचं म्हणणं सरळ आहे. संग्रहालयांनी या बायकांची नावं शोधायला हवीत, सापडली तर मोठ्या अक्षरांत लिहायला हवीत, आणि नाही सापडली तर ‘नाव नोंदलेलं नाही’ हे शब्द फलकावर छापायला हवेत. ‘वृद्ध शेतकरी स्त्री’ हे शीर्षक आहे असं भासवणं बंद व्हायला हवं, कारण बहुतेक वेळा ते चित्रकारानं दिलेलं नसतंच. चित्रकार वारतो, घरातली चित्रं वारसांकडे किंवा विक्रेत्याकडे जातात, कोणीतरी यादी करतं आणि यादीत काहीतरी लिहावं लागतं म्हणून ‘म्हातारी, टोपी घातलेली’ असं लिहितं. पुढे लिलावाच्या पुस्तिकेत तेच उतरतं, मग संग्रहालयाच्या नोंदवहीत, आणि शंभर वर्षांनी त्याच्यावर प्रबंध होतात. व्हॅन गॉगनं 1884-85 च्या हिवाळ्यात हॉलंडमधल्या न्यूनन गावात शेतकऱ्यांचे चेहरे रंगवायचा सपाटा लावला होता. पत्रांत तो त्यांना नुसतं ‘डोकी’ म्हणतो. आज त्या प्रत्येकाखाली जी शीर्षकं दिसतात ती कारकुनी आहेत.

नाव का हवं, याचं उत्तर दयेत नाही, कामात आहे. समोर बसणं हे काम आहे आणि कष्टाचं आहे. नुसतं डोकं आणि खांदे समोर बसवून रंगवायचे तरी दोन-अडीच तासांच्या आठ-दहा बैठका सहज जातात. वीस-पंचवीस मिनिटं स्थिर बसायचं, पाच मिनिटं पाय मोकळे करायचे, पुन्हा बसायचं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हे पेलत नाही. दहा मिनिटांत मान कलते, पंधरा मिनिटांत खांदे उतरतात, जेवणानंतरच्या बैठकीत तर डुलकीच लागते. डोक्यावरच्या रुमालाची चुणी एकदा उठून परत बसलं की पहिल्यासारखी पडत नाही. म्हणून जाणता चित्रकार खुर्चीच्या पायांभोवती आणि पावलांभोवती खडूनं खुणा करतो, नजर टेकवायला समोरच्या भिंतीवर एक ठिपका काढून देतो आणि हात मांडीवर ठेवायला सांगतो. म्हाताऱ्या बायकांच्या चित्रांत हात इतक्या वेळा मांडीवर गुंफलेले दिसतात, त्यात नम्रता आणि शरणागती शोधणारं लेखन पुष्कळ झालंय. निम्मं कारण एवढंच, की उचललेला हात दोन-तीन मिनिटांपलीकडे टिकत नाही.

लाइब्लची पद्धत तर बसणाऱ्याची परीक्षाच पाहणारी. बेर्ब्लिंगच्या काळात तो खाली रेखाटन न करता थेट रंगानं सुरुवात करी. एक तुकडा घ्यायचा, समजा गाल किंवा चौकड्यांच्या कापडाची वीतभर जागा, रंग ओला असतानाच तो पुरा करायचा आणि मग शेजारी सरकायचं. जमलं नाही तर खरवडून पुन्हा. सगळं चित्र एकदम पुढे नेणाऱ्या चित्रकाराला मॉडेल जरा हललं तरी सांभाळून घेता येतं. तुकड्या-तुकड्यानं काम करणाऱ्याला ते चालत नाही. मार्चमधला गाल जूनमधल्या कानाला जुळायला हवा, म्हणजे त्या बाईनं जूनमध्येही मान मार्चइतकीच वाकवायला हवी. खुद्द चर्चमध्ये काम, म्हणजे थंडीत बोटं आखडणार, डोळ्यांतून पाणी येणार, आणि खिडकीतला उजेड ऋतूप्रमाणे सरकणार.

ही पद्धत फसते कुठे तेही पाहण्यासारखं आहे. जवळ बसून भाग-भाग रंगवला की जवळची गोष्ट प्रमाणाबाहेर मोठी होते. तीन स्त्रियांच्या चित्रात पुढे बसलेल्या तरुणीचे हात डोक्याच्या मानानं मोठे वाटतात, अशी तक्रार जुनी आहे आणि रास्त आहे. पुढच्या मोठ्या चित्रात, शिकारचोरांच्या, हाच दोष इतका वाढला की 1882 ते 1886 अशी चार वर्षं घालवलेलं ते चित्र लाइब्लनं स्वतः कापून काढलं. तुकडे उरले. चित्रकाराच्या चार वर्षांबद्दल सगळे हळहळतात. समोर बसलेल्यांचीही तेवढीच वर्षं त्यात होती, हे कोणी बोलत नाही.

म्हातारपणाची कातडी रंगवणं हा वेगळाच प्रकार आहे, आणि तिथेच या बायकांचं म्हणणं सर्वांत स्पष्ट ऐकू येतं. शिकाऊ हात सुरकुती म्हणजे रेघ समजतो. तो तपकिरी रंग घेऊन गालावर रेघा ओढतो आणि चेहरा तडा गेलेल्या मडक्यासारखा दिसायला लागतो. सुरकुती ही घडी असते. तिला उजेडाची एक बाजू असते, सावलीची एक, आणि खोलात एक अगदी अरुंद गडद पट्टी, तीही सगळीकडे सारखी नसते. कानशिलाजवळ कातडी पातळ होऊन खालचा निळसर करडा रंग वर येतो. नाक आणि गालांची उंच ठिकाणं उन्हावाऱ्यानं लालसर झालेली असतात. जिथे रुमाल बांधलेला असतो तिथलं कपाळ मात्र फिकट राहतं, रुमाल वर सरकला तर ती सीमारेषा दिसते. पांढरा, पिवळी माती, गेरू, थोडा शेंदरी लाल, अंबर म्हणजे गडद तपकिरी माती, आणि काळा एवढ्या सहा रंगांत हे सगळं भागतं. रंग कमीच लागतात, पण बघणं फार लागतं. बोटांचे सांधे कुठे सुजलेत, कोणता अंगठा कायमचा आत वळलाय, हे त्या एकाच बाईचं असतं. शेतकरी स्त्री या जमातीचा अंगठा असा काही नसतो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. वास्तववादाला व्यक्ती नको होती, त्याला सगळ्यांची गोष्ट एकीतून सांगायची होती, असं म्हणतात. तीन स्त्रिया म्हणजे आयुष्याचे टप्पे. त्यांना नावं दिली की चित्र गावगप्पा होऊन बसेल. फ्रेंच चित्रकार कुर्बेचं उदाहरण याला उत्तर म्हणून पुरेसं आहे. ‘ओर्नां येथील दफनविधी’ या त्याच्या 1849-50 मधल्या अवाढव्य चित्रात गावातलीच माणसं एकेक करून येऊन उभी राहिली. त्यातल्या बऱ्याच जणांची नावं माहीत आहेत, महापौर कोण, पाद्री कोण, चित्रकाराच्या बहिणी कोणत्या. त्यामुळे चित्राचा दरारा तसूभर कमी झालेला नाही. त्याच वेळच्या ‘दगडफोडे’ या चित्रातला म्हातारा गाझे म्हणून ओळखला जाई. ते चित्र 1945 मध्ये ड्रेस्डेनजवळच्या बॉम्बहल्ल्यात नष्ट झालं. गंमत बघा, चित्र गेलं आणि गाझेचं नाव राहिलं.

रशियन वास्तववाद्यांत क्राम्स्कॉयनं 1880 च्या दशकात एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला समोर बसवलं आणि त्या चित्राला त्याचंच नाव मिळालं, ‘मीना मोइसेयेव’. त्या चित्राकडे पाहताना कोणाला ते कमी ‘सार्वत्रिक’ वाटल्याचं ऐकिवात नाही. पेरोव्हची गोष्ट तर जास्त बोलकी आहे. 1866 च्या ‘त्रोयका’ चित्रातल्या मधल्या मुलासाठी त्यानं रस्त्यात भेटलेल्या मार्या नावाच्या खेडुत बाईच्या मुलाला, वास्याला, बसवलं होतं. चित्र काढलं की माणूस मरतो या भीतीनं ती आधी तयार नव्हती. पुढे वास्या देवीच्या साथीत गेला. काही वर्षांनी मार्या घरातलं किडूकमिडूक विकून पैसे घेऊन चित्रकाराकडे आली, ते चित्र विकत घ्यायला. तोवर ते मॉस्कोचा चित्रसंग्राहक त्रेत्याकोव्ह याच्या संग्रहात गेलं होतं. पेरोव्ह तिला तिथे घेऊन गेला. भिंतभर चित्रांतून तिनं आपलं पोर बरोबर ओळखलं आणि गुडघे टेकले. पेरोव्हनं ही हकिकत स्वतः लिहून ठेवली म्हणून आपल्याला माहीत. सगळ्या गरीब मुलांची गोष्ट सांगणारं चित्र एका बाईसाठी फक्त तिच्या मुलाचं होतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. या बायकांना आपलं नाव लोकांसमोर यायला हवं होतं का? न्यूननमध्ये 1885 साली समोर बसण्यावरूनच वादळ झालं. ‘बटाटे खाणारे’ या चित्रासाठी बसलेल्या डे ग्रोट कुटुंबातली खोर्दिना गरोदर राहिली, गावात व्हॅन गॉगकडे बोट दाखवलं गेलं, आणि कॅथलिक पाद्र्यानं आपल्या लोकांना त्याच्यासमोर बसायला बंदी केली. न बसल्याबद्दल पैसे द्यायचीही तयारी दाखवली, असं व्हॅन गॉगनं भावाला कळवलंय. त्यावर लोक म्हणाले की तुमच्याकडे हात पसरण्यापेक्षा त्याच्याकडून कमावलेलं बरं. म्हणजे बसणं ही कमाई आहे, हे त्या शेतकऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. आपल्यालाच ते कबूल करायला जड जातं. खोर्दिनाचं नाव आज उघड आहे. तिला ते आवडलं असतं का, सांगता येत नाही. पण दीडशे वर्षांनंतर गुप्ततेचं कारण पुढे करून नाव झाकणं हे त्या बाईच्या हिताचं नसून आपल्या आळसाच्या सोयीचं आहे. जिवंत माणसाला मात्र विचारायलाच हवं, त्याबद्दल वाद नाही.

या चेहऱ्यांचा ‘मातीचा रंग’ हाही एक गैरसमज आहे, निदान अर्धा. त्या शतकात सावल्यांसाठी डांबरी तपकिरी रंग सर्रास वापरत. तो नीट वाळत नाही, वरचा रंग ओढून घेतो आणि मगरीच्या पाठीसारख्या रुंद भेगा पडतात. वरून रेझिनचं व्हर्निश, जे काही दशकांत पिवळं आणि मग चहासारखं होतं. फिकट कपाळ, निळसर कानशील, लालसर गाल हा सगळा फरक त्याखाली बुजतो आणि उरतो एक सलग तपकिरी चेहरा. मग कोणीतरी लिहितं की चित्रकारानं तिला धरतीशी एकरूप केलं. व्हॅन गॉगला तो रंग खरंच हवा होता, धूळ लागलेल्या, न सोललेल्या बटाट्याचा, तसं त्यानं लिहिलंय. लाइब्लला नको होता. आधी व्हर्निश तपासावं आणि मग तत्त्वज्ञान सांगावं.

आता नाव शोधायचं कसं. सगळ्यात आधी चित्रकाराची पत्रं आणि हिशोबाची वही. मॉडेलला दिलेले पैसे नोंदवायची सवय पुष्कळांना होती, आणि तिथे नाव नसलं तरी ‘सुताराची विधवा’ असं काहीतरी असतं. मग गावच्या चर्चची बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाची रजिस्टरं. बव्हेरियात घोळ असा, की माणसाला आडनावापेक्षा घराच्या नावानं ओळखत, आणि शेत विकत घेणाऱ्याला मागच्या मालकाचं घरनाव चिकटे. रजिस्टरात एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं. दोन्ही जुळवल्याशिवाय पुढे जाऊ नये. पोशाख मदत करतो, कारण टोपी, रुमाल आणि ॲप्रनवरून कुमारी, लग्नाची किंवा विधवा हे बऱ्याच ठिकाणी कळतं. पण चित्रकार स्वतःकडचे कपडे मॉडेलला घालायला देत, तेव्हा पोशाखावर फार विसंबू नये. तीच बाई दुसऱ्या चित्रांत दिसते का ते पाहावं. कानाची घडण यासाठी चेहऱ्यापेक्षा भरवशाची, कारण वय आणि दात गेले तरी कान फार बदलत नाही.

चुका कुठे होतात? एकाच गावात एकाच नावाच्या तीन-तीन बायका असतात. नातवंडांना आजी चित्रात हवीच असते. गावाला पर्यटक हवे असतात. आणि एकदा चुकीचं नाव छापलं गेलं की ते इंटरनेटवर इतक्या ठिकाणी उतरतं की काढता निघत नाही. म्हणून फलकावर खात्रीची पायरी लिहावी: ‘नाव कागदपत्रांवरून निश्चित’, ‘बहुधा अमुक’, किंवा ‘नाव नोंदलेलं नाही’. जुनं शीर्षक पुसू नये, ते नोंदीत ‘पूर्वीचं शीर्षक’ म्हणून राहू द्यावं, नाहीतर जुन्या पुस्तकांतून चित्र शोधणारा अभ्यासक अडकतो. साठ-सत्तर शब्दांच्या फलकात हे सगळं बसतं. ‘सुरकुत्यांतून डोकावणारं अनुभवाचं भांडार’ हे एक वाक्य काढलं की जागा आपोआप होते.

पॅरिसच्या ओर्से संग्रहालयानं 2019 मध्ये कृष्णवर्णी मॉडेल्सवर प्रदर्शन भरवलं, तेव्हा काही चित्रांची नावं समोर बसलेल्यांच्या नावांवरून नव्यानं लिहिली. एदुआर माने या फ्रेंच चित्रकाराच्या ‘ऑलिंपिया’मध्ये फुलं घेऊन उभी असलेली बाई लोर होती. तिचं नाव आणि पत्ता मानेच्या वहीत होते, एवढी वर्षं. कोणी वाचले नव्हते असं नाही. ते फलकावर यावेत असं कोणाला वाटलं नव्हतं. लोरला जे मिळालं ते बव्हेरियातल्या म्हाताऱ्यांना का मिळू नये, याचं समाधानकारक उत्तर आम्हाला अजून कुठे दिसलेलं नाही.

हे युरोपचं दुखणं म्हणून सोडून देता येत नाही. विल्यम जॉन्सननं 1860 च्या दशकात मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे खंड काढले. माणसांची छायाचित्रं कापून दुसऱ्याच पार्श्वभूमीवर जोडलेली, आणि खाली नाव जातीचं. 1920 साली रॉथफेल्ड या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या भारतीय स्त्रियांवरच्या पुस्तकासाठी जे. जे. कलाशाळेचे धुरंधर यांनी चित्रं काढली, तीही प्रांत आणि जात यांच्या हिशोबानं. ‘नमुना’ म्हणून माणूस बघायची ही सवय आपल्या कलाशाळांत उतरली आणि पैसे देऊन बसवलेली भाजीवाली, हमाल, भिकारी यांचे अभ्यास ‘वृद्धा’ आणि ‘हेड स्टडी’ होऊन भिंतीवर लागले. मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातलं हातात दिवा घेतलेल्या मुलीचं चित्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं. कित्येक जण ते रविवर्म्याचं समजतात. त्या चित्रासाठी हळदणकरांची मुलगी उभी राहिली होती हे आज ठाऊक आहे, कारण सांगायला घर होतं. भाजीवालीच्या घरी कोण विचारायला गेलं?

आणि दर आषाढीला? वारीतल्या म्हाताऱ्या आज्यांचे चेहरे जवळून टिपलेले, काळेपांढरे, सुरकुत्यांचा काँट्रास्ट वाढवलेले, स्पर्धांत बक्षीस मिळवणारे. खाली ‘विठूची लेक’. छायाचित्रकाराचं नाव कोपऱ्यात असतंच. तिचं नाव, गाव विचारायला वाटेत अर्धा मिनिट लागला असता. तिनं ते आनंदानं सांगितलं असतं, वर चार अभंग ऐकवले असते. नको म्हणाली असती तर तेही कळलं असतं.

आपल्याकडच्या जुन्या चित्रांसाठी एक काम मात्र आत्ताच करायला हवं, आणि त्याला पैसेही फारसे लागत नाहीत. चित्र भिंतीवरून उतरवून त्याची मागची बाजू बघणं. कॅनव्हासच्या मागे, चौकटीच्या लाकडावर, जुन्या पुठ्ठ्यावर प्रदर्शनाची चिठ्ठी असते, विक्रेत्याचा शिक्का असतो, कधी पेन्सिलीनं लिहिलेलं नाव असतं. एडिनबरामध्ये व्हॅन गॉगच्या न्यूननमधल्या एका शेतकरी बाईच्या चित्रामागचा पुठ्ठा शतकभर कोणी उचकटला नाही. 2022 मध्ये एक्स-रे काढला तेव्हा त्याखाली चित्रकाराचं आत्मचित्र निघालं. आपल्याकडे उलटं होतं. फ्रेमवाला नवी फ्रेम करताना वाळवी लागलेला जुना पुठ्ठा चिठ्ठीसकट टाकून देतो आणि मागे नवा प्लायवूड ठोकतो. फ्रेम बदलायला देण्याआधी मागच्या बाजूचे चारही कोपरे आणि मधली पट्टी अशा निदान पाच जागांची छायाचित्रं काढावीत, प्रत्येक जागेचं एक समोरून उजेड टाकून आणि एक अगदी बाजूनं, कारण पुसट पेन्सिल बऱ्याचदा तिरप्या उजेडातच वाचता येते. पुठ्ठा टाकायचा असेल तर चिठ्ठी कापून पाकिटात ठेवावी आणि पाकिटावर चित्राचा नोंदक्रमांक लिहावा.